कृष्णाकाठच्या द्राक्षबागा आणि घरची रेड वाइन

वाईच्या घाटांना लागून वाहणारी कृष्णा कऱ्हाड ओलांडून पलूस तालुक्यात पोहोचते, तोवर तिच्या खोऱ्यातले पीक बदललेले असते. वाईकडे हळद, भात आणि ऊस. पलूस-तासगावकडे, नदीपासून जरा पूर्वेला सरकताच, द्राक्षाचे मांडव. या बागा बहुतांशी एकेका कुटुंबाच्या आहेत, दोन-चार एकरांच्या. फ्रान्स-इटलीत एवढ्याशा जमिनीवर एखादे घराणे स्वतःच्या नावाची रेड वाइन पिढ्यानपिढ्या काढताना दिसते. कृष्णाकाठी तसे का घडले नाही? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. ‘आपल्या संस्कृतीत ते बसत नाही’ हे उत्तर सर्वांत सोपे आणि, माझ्या मते, सर्वांत दुबळे आहे.

संस्कृतीपासूनच सुरुवात करू. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे प्रकार प्रदेशांच्या नावांनी सांगितले आहेत. त्यांतील ‘कापिशायन’ हे कापिशीचे, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्राम परिसरातले. मद्य कोणत्या मातीतले, यावरून त्याचे नाव ठरावे, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. धर्मशास्त्राचा निषेधही सरसकट नव्हता. ब्राह्मणाला सर्वच मद्ये वर्ज्य. क्षत्रिय-वैश्यांना मुख्यतः पिठापासून केलेली ‘पैष्टी’ वर्ज्य. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत ‘धर्मकोशा’चे खंड संपादित करणाऱ्या पंडितांना हे बारकावे नवे नव्हते, ते सामान्य वाचकांपर्यंत फारसे आले नाहीत, इतकेच.

मात्र दख्खनमध्ये प्यायली जाणारी द्राक्षाची वाइन दीर्घकाळ बाहेरूनच येत होती. ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथ भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइनचा उल्लेख करतो आणि इटलीच्या वाइनला अधिक पसंती होती असे नोंदवतो. नेवासे आणि तेर येथे अँफोरा म्हणजे दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांचे तुकडे सापडले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1940च्या दशकात मिळालेल्या रोमन कांस्यवस्तूंत पॉसिडॉनच्या मूर्तीबरोबर एक सुरईही होती. येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदवलेले अनेक तुकडे प्रत्यक्षात मेसोपोटेमियातील, आतून डांबर फासलेल्या ‘टॉर्पेडो’ कुंभांचे आहेत, हे रोबर्टा टोंबर यांनी 2007च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे वाइन येत होती. पण प्रत्येक खापर रोमचे नव्हे.

द्राक्षवेल मात्र येथे रुजली होती. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेला इब्न बतूता लिहितो की येथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात. पाठ्यपुस्तकांत हे वाक्य नवलकथेसारखे दिले जाते. कोणत्याही द्राक्षबागायतदाराला विचारावे, त्याला त्यात नवल वाटणार नाही. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही, म्हणून ती दोनदा फळू शकते. यावर तोडगा म्हणून दोन छाटण्या आल्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, जिच्यामुळे काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यामुळे घड येतात. दोन छाटण्या, पीक एकच.

याचा वाइनशी संबंध थेट आहे. युरोपातील तोडणी शरद ऋतूत होते आणि पुढे तळघर आपोआप थंड होत जाते. आपली तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढू लागताना. रेड वाइनमध्ये रस सालींसह आंबवतात. काळ्या द्राक्षाचाही गर बहुधा फिकटच असतो. रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. आंबताना रस स्वतःही तापतो. बाहेर तापमान पस्तिसाच्या पुढे असताना त्याला आवरायचे, तर शीतकरणाची सोय असलेल्या पोलादी टाक्या हव्यात आणि त्यांना अखंड वीज हवी. युरोपातील आजोबांचे तळघर येथे फुकट मिळत नाही.

दुसरा पेच खुद्द द्राक्षाचा. पूर्वी महाराष्ट्रात भोकरी, चीमा साहेबी अशा बियांच्या जाती होत्या. चीमा साहेबी हे नाव पुण्यातील फलोद्यानतज्ज्ञ डॉ. चीमा यांच्यावरून आलेले. 1960च्या दशकानंतर थॉमसन सीडलेस पसरली आणि चित्र पालटले. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच निवडलेली ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शोधलेली ‘सोनाका’ या जाती शेतकऱ्यांच्या स्वतःच्या निरीक्षणातून निघाल्या. मराठी कृषिइतिहासातील हे फार मोठे काम आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने नगण्य आहे. पण हे सारे कौशल्य खाण्याच्या द्राक्षासाठी खर्ची पडले: मणी मोठा, साल पातळ, बी नाही, रंग हिरवट-सोनेरी. रेड वाइनला नेमके उलट हवे: मणी लहान, साल जाड आणि काळी, आत बी. म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्यो किंवा शिराज. सांगलीच्या बागायतदाराने दोन पिढ्या जे साधले, ते रेड वाइनच्या कामाचे नव्हते.

तिसरा पेच कायद्याचा. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याने द्राक्षाची वाइन आणि उसाच्या मळीची दारू एकाच दावणीला बांधली. 1960च्या दशकात बंदी शिथिल झाली, तरी परवाना पद्धत राहिली. द्राक्षे कुटुंबाची; ती आंबवण्याचा अधिकार मात्र परवानाधारकाचा. 1980च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन सुरू केली, तीही उद्योगपतीच्या भांडवलावर.

2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, सवलती दिल्या आणि दोन वाइन पार्क आखले: नाशिक जिल्ह्यात विंचूर, सांगली जिल्ह्यात पलूस. पलूसच्या निमित्ताने कृष्णाखोऱ्याचे नाव प्रथमच बाटलीवर येण्याची शक्यता निर्माण झाली. काही शेतकऱ्यांनी कंपन्यांशी करार करून वाइनच्या जाती लावल्या. या करारात कुटुंब पुन्हा केवळ माल पुरवणारे होते, हे विसरू नये. 2008च्या मंदीनंतर खप घसरला, नारायणगावची मोठी कंपनी कोलमडली आणि महाराष्ट्रात अनेकांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. काळे, बारीक, बियांचे द्राक्ष बाजारात कोणी खायला घेत नाही. वायनरीने नाकारले की ते संपलेच. नाशिकला मुंबईची जवळीक आणि पर्यटक होते, त्यामुळे तेथील उद्योग सावरला. पलूसला विंचूरची बरोबरी साधली नाही.

त्याच सुमारास शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूज परिसरात ‘फ्रातेल्ली’ उभी राहिली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतील भावांची ही भागीदारी. त्यांची ‘सेत्ते’ ही रेड वाइन नावाजली गेली. कौटुंबिक वाइन दक्षिण महाराष्ट्रात होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. मात्र ती कोणत्या कुटुंबाला शक्य होते, याचाही तोच पुरावा आहे. दोन एकरांच्या मालकाला टाक्या, परवाना, प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, आणि रेड वाइन मुरेपर्यंत पैशाविना काढायचे दिवस हे सारे पेलत नाही. मिरजेहून कर्नाटकची हद्द काही किलोमीटरवर आहे. बाटलीच्या दृष्टीने तो परदेशच.

याउलट बेदाणा पाहा. घड द्रावणात बुडवायचे, शेडमधील जाळ्यांवर पसरायचे, साधारण पंधरा-वीस दिवसांत माल तयार. भाव नसेल तर शीतगृहात ठेवायचा, असेल तेव्हा तासगाव-सांगलीच्या सौद्यात न्यायचा. थॉमसन आणि तिच्या वंशातील जाती त्यासाठी उत्तम. परवाना नको. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कापिशीच्या मद्याला जे होते, ते म्हणजे मातीचे नाव, कृष्णाखोऱ्यातील द्राक्षाला मिळाले ते सुकल्यावर.

जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू की नाही’ यावर रणकंदन झाले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून हिणवले आणि निर्णय रखडला. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिलेल्यांचा विरोध खोटा म्हणता येणार नाही. पण दोन्ही बाजू शेतकऱ्याचे नाव घेऊन बोलत होत्या, आणि दोन एकरांच्या बागेला स्वतःची बाटली भरण्याचा मार्ग कसा खुला होईल, हा प्रश्न त्या वादात जवळपास आलाच नाही. दुकानाच्या फळीवर कोणाची बाटली असेल, ते 2001 नंतरच्या भांडवलाने आधीच ठरवून ठेवले होते.