एका कंदाचा वंश

पाऊस ओसरला की मी माळ्यावरून वाळूची पाटी खाली काढते आणि डेलियाचे कंद एकेक करून चाचपते. मऊ लागला तो टाकायचा. देठाच्या बुडाशी डोळा असेल तोच ठेवायचा. कंद कितीही गुबगुबीत असला तरी डोळ्यावाचून फुटत नाही.

हे झाड मेक्सिकोच्या डोंगरातलं. १७८९ च्या सुमारास त्याचं बी माद्रिदच्या राजोद्यानात पोहोचलं आणि १७९१ साली स्पॅनिश अभ्यासक कावानिलेस यांनी त्याला आन्द्रेआस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलं. डाल तोवर वारले होते.

पण पाटीपुढे बसले की मला आठवते ती १८७२ ची पेटी. मेक्सिकोहून हॉलंडला निघालेले कंद वाटेतच कुजले, तगला म्हणतात तो एकच. कुणीतरी तो मायेनं मातीत लावला. त्याला लालभडक फूल आलं, पाकळ्या टोकदार, कडांनी मागे वळलेल्या. अशी पाकळी तोवर युरोपात कुणी पाहिली नव्हती! मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेझ यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं. आजचे कॅक्टस डेलिया त्याच्याच वंशातले.

यंदा माझ्या पाटीत अकरा निघाले. दोन सुरकुतलेत, पण डोळा आहे. लावणार.