गाडीचा नंबर आणि ६१७४

परवा साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो. सोबत दहा वर्षांचा पुतण्या. तासवड्याच्या टोलनाक्यावर ही लांब रांग! पोरगं कंटाळलं, म्हणून त्याला एक खेळ दिला.

पुढच्या एमएच-११ चा नंबर ३५२४. म्हटलं, आकडे आधी उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या, आणि वजाबाकी कर. ५४३२ वजा २३४५, ३०८७. आता उत्तराचं परत तेच. ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणखी एकदा? ७६४१ वजा १४६७... परत ६१७४! शेजारच्या एमएच-१० ची गाडीही तिथेच पोचली.

"काका, हे शोधलं कुणी?"

आपल्याच एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनला शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं, १९२९ ला बीएस्सी झाले. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवलं. ६१७४ ची ही गंमत त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. १९५५ मध्ये ती 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकन नियतकालिकात छापून आली. इथल्या अनेक गणितज्ञांना मात्र हे सगळं पोरखेळ वाटे. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव जगभर झालं. कापरेकर १९८६ साली गेले.

माझ्यातल्या प्रोग्रामरने हे कधीच तपासून पाहिलं होतं. चारही आकडे सारखे असलेल्या १० संख्या सोडल्या (त्यांचं उत्तर शून्य), तर उरलेल्या ९९९० पैकी प्रत्येक संख्या जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ ला येते. कापरेकरांचं जन्मसाल १९०५ बरोब्बर ७ घेतं, करून बघा! पण खरं तर कॉम्प्युटर लागतच नाही. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांच्यातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन आकड्यांतला फरक गुणिले ९०, झाली वजाबाकी. फरकांच्या अशा जोड्या फक्त ५४. पेन्सिल आणि एक दुपार पुरे.

आणखी एक. ६+१+७+४ म्हणजे १८, आणि ६१७४ ला १८ ने निःशेष भाग जातो. उत्तर ३४३, म्हणजे ७ चा घन. आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांचंच.

आता खरं सांगतो. हा खेळ मला आठवीत, साताऱ्यात, आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर दाखवला होता. मी हात वर करून विचारलं, "सर, हे परीक्षेला येणार का?" वर्ग हसला. सरांनी काही न बोलता फळा पुसला. पुढे कापरेकरांबद्दल वाचलं तेव्हा तो पुसलेला फळा आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. पोरखेळ म्हणणाऱ्यांत मीही होतोच की!

सर आता सांगलीत असतात. आम्ही निघालो होतो ते त्यांच्याकडेच. पाया पडलो, त्या दिवसाबद्दल माफी मागितली. सरांना काही आठवत नव्हतं. पुतण्याने मात्र गाड्यांच्या नंबरांची वही पुढे केली. सरांनी चष्मा लावला, सगळ्या वजाबाक्या तपासल्या, एक हातचा चुकला होता तो दुरुस्त केला आणि म्हणाले, "आता तीन आकडी घेऊन बघ. तिथे ४९५ येतं का सांग."

परतीच्या वाटेवर पेठ नाक्यापर्यंत पोराने मान वर केली नाही.