स्वस्त गेमिंग संगणकासाठी एसएमपीएस : निवड करताना काय पाहावे, काय टाळावे

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावरील निपाणी हे तंबाखूच्या बाजारपेठेमुळे सर्वपरिचित असलेले सीमाभागातील शहर. येथील तरुणाला गेम खेळण्याजोगा संगणक जुळवायचा असेल, तर सुटे भाग आणण्यासाठी त्याच्यापुढे अनेक वाटा असतात. एका बाजूस कोल्हापूर, दुसऱ्या बाजूस बेळगाव, त्यापलीकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बंगळूरचा एस. पी. रोड, शिवाय ऑनलाइन खरेदी आहेच. मात्र वाट कोणतीही असली, तरी खर्चाची मांडणी बहुधा सारखीच असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर पैसे खर्ची पडतात, आणि उरलेल्या रकमेत जो बसेल तो एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरविणारा डबा, घेतला जातो. कित्येकदा तो कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकटच मिळतो आणि ग्राहकही समाधान मानतो.

हे समाधान महाग पडू शकते. प्रोसेसर धिमा असेल तर गेम धिमा चालेल, एवढेच. एसएमपीएस मात्र बिघडताना एकटा बिघडेलच असे नाही. सदोष एसएमपीएस जळताना मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्कवरील माहिती यांनाही सोबत घेऊन जाऊ शकतो. घरच्यांनी काटकसर करून दिलेल्या पैशांतून उभा राहिलेला संगणक एका रात्रीत निकामी होऊ नये, यासाठी या दुर्लक्षित भागाची माहिती घेणे आवश्यक आहे.

एसएमपीएसचे कार्य

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, प्रत्यावर्ती स्वरूपाची असते. संगणकाला मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज लागते. हे रूपांतर एसएमपीएस करतो. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स या मानकानुसार १२ व्होल्टच्या वाहिनीवरील दाबात साधारण ५ टक्क्यांपर्यंतच फरक चालतो. म्हणजे तो ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहिला पाहिजे. त्या दाबावर उमटणारी सूक्ष्म कंपने, ज्यांना 'रिपल' म्हणतात, १२ व्होल्टवर १२० मिलीव्होल्टपेक्षा अधिक नसावीत, अशीही मर्यादा आहे. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक १२ व्होल्टवरच चालतात. म्हणून एसएमपीएसची खरी ताकद १२ व्होल्टच्या वाहिनीवर ठरते.

किती वॅट पुरेसे?

हा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. एएमडीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला असला, तरी पूर्ण भारासाठी हिशेबात ८८ वॅट धरावेत. त्यासोबत १३२ वॅटचे रेडिऑन आरएक्स ६६०० कार्ड धरले आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांसाठी ५० वॅट धरले, तर बेरीज २७० वॅट होते. कार्ड १७० वॅटचे जीफोर्स आरटीएक्स ३०६० असेल, तर ती ३०८ वर जाते.

तथापि ३०८ वॅटच्या संगणकाला ३२५ वॅटचा एसएमपीएस पुरेसा नसतो. गेममधील दृश्य एकाएकी बदलले की ग्राफिक्स कार्ड काही मिलीसेकंदांपुरती नेहमीपेक्षा बरीच अधिक वीज ओढते. याशिवाय उन्हाळ्यातील उष्णता आणि पुढे कार्ड बदलण्याची शक्यता यांसाठीही जागा ठेवावी लागते. आरएक्स ६६०० साठी एएमडी ४५० वॅटची, तर आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटची शिफारस करते ती यामुळेच. तेव्हा बेताच्या खर्चातील बहुतेक संगणकांना ४५० ते ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो. त्याच किमतीत मिळणारा हलक्या प्रतीचा ७५० वॅटचा डबा घेण्यात शहाणपण नाही.

लेबल वाचण्याची रीत

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यापेक्षा डब्याच्या अंगावरील तक्ता अधिक विश्वासार्ह असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट मिळतात, म्हणजे '४५० वॅट' हा दावा रास्त आहे. त्याच दाव्याच्या डब्यावर १६ अँपिअर लिहिले असतील, तर हाती येतात १९२ वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाहिन्यांवर दाखविलेले असतात आणि ग्राफिक्स कार्डाला त्यांचा उपयोग नसतो. १२ व्होल्टच्या दोन वाहिन्या दाखविल्या असतील, तर अँपिअरची सरळ बेरीज न करता दोहोंची मिळून दिलेली कमाल वॅटसंख्या धरावी.

जोडण्याही मोजून घ्याव्यात. मदरबोर्डवरील खाचेतून ग्राफिक्स कार्डाला ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, तर आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. एसएमपीएसवर ही आठ पिनांची जोडणीच नसेल आणि दुकानदार जुन्या हार्ड डिस्कच्या वायरीला अडॅप्टर लावून काम भागवू पाहत असेल, तर तो एसएमपीएस त्या कार्डासाठी नाही असे समजावे. बारीक वायरीतून क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह गेला की जोडणी वितळते.

तक्त्यातील आणखी एक नोंद सीमाभागासाठी विशेष महत्त्वाची आहे, ती म्हणजे कोणत्या वीजदाबावर हा डबा चालतो. काहींवर '२००-२४०', तर काहींवर '१००-२४०' असे लिहिलेले असते. यांतील दुसरा का निवडावा, हे पुढे येईलच.

प्रमाणपत्राचा अर्थ

'८० प्लस' ही खूण २००४ पासून प्रचारात आहे. घेतलेल्या विजेपैकी किती टक्के वीज संगणकापर्यंत पोचते, हे ती सांगते. ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझ दर्जासाठी अर्ध्या भाराला किमान ८५ टक्के कार्यक्षमता लागते. संगणकाला ३०० वॅट हवे असतील, तर ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस सुमारे ३५३ वॅट घेतो, तर ७० टक्क्यांचा सुमारे ४२९ वॅट. रोज चार तास वापर धरला, तर महिन्याला सुमारे नऊ युनिटांचा फरक पडतो. वाया जाणारी वीज उष्णतेच्या रूपाने डब्यातच राहते आणि कपॅसिटरचे आयुष्य घटविते, हे नुकसान वेगळेच.

परंतु ही खूण म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. रिपल किती आहे, अतिभार होताच डबा वेळेवर बंद पडतो की नाही, हे ती तपासत नाही. याचे ठळक उदाहरण २०२१ मधले. गिगाबाईटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या एसएमपीएसना ८० प्लस गोल्ड दर्जा होता. तरीही स्वतंत्र चाचण्यांत त्यांतील काही डबे स्फोट होऊन निकामी झाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने निवेदन काढून अतिभार संरक्षणाची मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवरून ११० ते १२० टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले आणि ठरावीक अनुक्रमांकांचे डबे बदलून देण्याची तयारी दाखविली. यावरून दिसते की नावाजलेली कंपनी आणि सोनेरी खूण या दोन्ही गोष्टी असूनही त्या विशिष्ट मॉडेलची चाचणी वाचणे आवश्यक ठरते. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या मालिकांचा दर्जा निरनिराळा असतो.

माहितीपत्रकात अतिभार, अतिप्रवाह, अतिदाब, न्यूनदाब, शॉर्टसर्किट आणि अतिउष्णता या संरक्षणांचा उल्लेख आहे का, हे पाहावे. आतील रचना 'डीसी-टू-डीसी' प्रकारची असल्यास उत्तम. जुन्या पद्धतीच्या रचनेत १२ आणि ५ व्होल्टचे नियमन एकत्र होते. गेम चालू असताना १२ व्होल्टवर भार वाढला की तेथील दाब खचतो आणि ५ व्होल्टचा चढतो.

सीमाभागातील विजेचा विचार

निपाणी आणि बेळगाव परिसराला हेस्कॉम ही कंपनी वीज पुरविते, तर कागलकडील गावांना महावितरण. गोव्यात हे काम राज्याचे वीज खाते पाहते. पुरवठादार कोणीही असला, तरी शेतीपंपांचा भार असलेल्या वाहिनीच्या शेवटच्या टोकाला उन्हाळ्यात दाब खाली येतो. ३५० वॅटच्या भाराला २३० व्होल्टवर सुमारे दीड अँपिअर प्रवाह पुरतो. दाब १६० व्होल्टवर आला, तर तोच प्रवाह सुमारे २.२ अँपिअर होतो. '१००-२४०' असे लिहिलेला आणि सक्रिय पॉवर फॅक्टर सुधारणा असलेला एसएमपीएस हे सहन करतो. '२००-२४०' चा डबा अशा वेळी बंद पडतो किंवा तापतो. पहिल्या प्रकारच्या एसएमपीएसला सहसा वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज भासत नाही.

दुसरी बाब अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या घरांत नित्याची आहे. एसएमपीएसमधील फिल्टरचे कपॅसिटर अर्थच्या वायरीला जोडलेले असतात. ती वायर जमिनीपर्यंत पोचलीच नसेल, तर कॅबिनेटवर मुख्य दाबाच्या जवळपास निम्मा दाब येतो. प्रवाह अल्प असतो, पण संरक्षणाची ती वाट बंद आहे, हे त्यातून कळते. अशा वेळी एसएमपीएस बदलण्याआधी वायरमनकडून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांमधील दाब मोजून घ्यावा. फेज-अर्थचा दाब जवळजवळ फेज-न्यूट्रलइतका आणि न्यूट्रल-अर्थचा काही व्होल्टांपुरताच असावा. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसविणे धोक्याचे आहे.

तिसरी बाब भारनियमन आणि इन्व्हर्टरची. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस आपल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलीसेकंद संगणक चालू ठेवतो. घरगुती इन्व्हर्टर 'यूपीएस' पद्धतीवर असेल, तर तो बहुधा १० मिलीसेकंदांच्या आत भार उचलतो. 'नॉर्मल' किंवा 'वाइड' पद्धतीवर याहून बराच अधिक वेळ लागतो आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. दोष एसएमपीएसला दिला जातो, पण उपाय कळ फिरविण्यात असतो. सक्रिय पॉवर फॅक्टर असलेल्या डब्याला शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर अधिक मानवतो. ६०० व्हीएचा सर्वसाधारण यूपीएस ३६० वॅटच देतो. त्यामुळे गेमिंग संगणकासाठी १००० व्हीएच्या खाली जाऊ नये.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की बटण बंद करणे पुरेसे नसते. प्लग सॉकेटातून काढावा आणि इंटरनेटची वायरही सोडवावी. गोव्याच्या किनारी भागात खाऱ्या, दमट हवेने पिना गंजतात. तेथे महिनोन्महिने बंद ठेवलेला संगणक सुरू करण्यापूर्वी जोडण्या तपासाव्यात.

खरेदी आणि हमी

एकूण खर्चापैकी आठ ते दहा टक्के रक्कम एसएमपीएससाठी आधीच बाजूला काढून ठेवावी. हमी तीन वर्षांपेक्षा कमी नसावी. पाच वर्षांची मिळाल्यास अधिक चांगले. कॅबिनेटसोबत येणाऱ्या फुकटच्या डब्यापेक्षा एसएमपीएसविना कॅबिनेट घेऊन ती रक्कम वळती करावी. जुना एसएमपीएस घेणे शक्यतो टाळावे, कारण त्याच्या कपॅसिटरचे किती आयुष्य उरले आहे, ते बाहेरून कळत नाही. डब्यावरील भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपवर पडताळता येतो.

पावतीवर कंपनीचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घेण्याचा आग्रह धरावा. केवळ '४५० वॅट एसएमपीएस' एवढ्याच नोंदीवर हमीचा दावा टिकत नाही. कोल्हापुरात घेतलेल्या वस्तूची तक्रार तेथेच करावी लागेल, हा समजही खरा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. म्हणजे निपाणीकराला बेळगावचा, तर गोमंतकीयाला गोव्यातील आयोग खुला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर संपर्क साधता येतो.

धोक्याची लक्षणे

गेम सुरू होताच संगणक आपोआप बंद पडणे, जळकट वास येणे, पंखा न फिरता डबा तापणे किंवा वायरीची जोडणी पिवळसर पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास प्लग काढून वापर थांबवावा. एसएमपीएस घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. हमीच्या मुदतीत असल्यास डबा न उघडता कंपनीच्या सेवा केंद्राकडे पाठवावा; मुदत संपली असल्यास दुरुस्तीच्या खर्चात न पडता नवा घ्यावा.