शब्द गेले, शिवी उरली

१/ मार्च १८६६. बेल्जियममधील नामूर येथे एक चर्च पाहताना फ्रेंच कवी शार्ल बोदलेअर कोसळला. पुढे उजवे अंग लुळे पडले, वाचाही गेली. १८५७ साली ज्याच्या सहा कवितांवर फ्रेंच न्यायालयाने बंदी घातली होती, त्या कवीपाशी अखेर एकच शब्द उरला : 'क्रेनों'.

२/ ईश्वराच्या पवित्र नावाने घातल्या जाणाऱ्या फ्रेंच शिवीचे हे संक्षिप्त रूप. संताप असो वा आनंद, बोदलेअर हाच शब्द उच्चारी. ब्रुसेल्समध्ये त्याची शुश्रूषा करणाऱ्या नन्सना ही ईश्वरनिंदा वाटली. काही आठवड्यांतच त्याला तेथून हलवण्यात आले.

३/ परंतु शिवीच का उरावी? पाच वर्षांपूर्वी पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण होता. तो वर्षानुवर्षे केवळ 'तां' एवढेच बोलू शके. मात्र आपले म्हणणे समोरच्याला उमगले नाही की तो चिडे आणि त्याच्या तोंडून शिवी बाहेर पडे.

४/ एप्रिल १८६१ मध्ये तो वारला. शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढील भागात विकृती आढळली. हाच भाग पुढे वाणीचे केंद्र म्हणून प्रसिद्ध झाला. केंद्र निकामी, तरी शिवी शाबूत!

५/ या कोड्याची उकल इंग्रज मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी सुचवली. विचारपूर्वक रचलेले वाक्य वेगळे आणि भावनेच्या भरात आपसूक निघणारा उद्गार वेगळा. दुसऱ्या प्रकारात मेंदूच्या उजव्या अर्धाचा वाटा मोठा असावा, असे त्यांचे मत होते.

६/ शिवीचा परिणाम शरीरावरही होतो. २००९ मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स व सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला सांगितले. शिवी उच्चारताना बहुतेकांनी हात अधिक काळ पाण्यात ठेवला. वेदना कमी जाणवली, हृदयाचे ठोके वाढले. २०२० च्या प्रयोगात मात्र नव्याने घडवलेल्या कृत्रिम 'शिव्या' निष्प्रभ ठरल्या. २०११ च्या अभ्यासानुसार, ऊठसूट शिव्या देणाऱ्यांना हा लाभ कमीच मिळतो.

७/ म्हणजे शिवीचे बळ तिच्या निषिद्धतेत आहे. लहानपणापासून जो शब्द उच्चारू नये म्हणून बजावले जाते, तोच मनाच्या तळाशी खोल रुजतो.

८/ ३१ ऑगस्ट १८६७ रोजी पॅरिसमध्ये बोदलेअरचे निधन झाले. नन्सनी जे पाप मानले, ते एका रुग्णाचे उरलेसुरले बोलणे होते.

#इतिहास #थ्रेड