दीर्घकालीन संगणकीय कार्याची पोच : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकास सोपविलेले काम तत्काळ संपत नसेल, तर त्याची स्थिती व निष्पत्ती कशी कळावी, हा प्रश्न जुना आहे. १९९६ च्या एचटीटीपी १.० दस्तऐवजातील '२०२' हा संकेतांक काम स्वीकारल्याची केवळ पोच देतो, पूर्ततेची हमी देत नाही. २०१४ मध्ये ॲमेझॉनने 'लॅम्डा' ही सर्व्हरलेस सेवा जाहीर केली. प्रारंभीची ६० सेकंदांची कालमर्यादा २०१८ मध्ये १५ मिनिटांवर गेली. तथापि फंक्शन थांबताच त्याची स्मृती टिकण्याची शाश्वती नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या 'ड्युरेबल फंक्शन्स'मध्ये प्रारंभीच कार्यक्रमांक व स्थिती विचारण्याचा पत्ता मिळू लागला आणि प्रगतीची नोंद स्वतंत्र साठ्यात राहू लागली. नोंदीअभावी काम हरवते किंवा दोनदा होते. म्हणूनच कालमर्यादा वाढविण्यापेक्षा नोंदीची ही व्यवस्था अधिक महत्त्वाची ठरते.