पोथी, पाठ आणि चकती : संशोधनसामग्रीच्या जपणुकीविषयी एक टिपण

भाषाशास्त्राच्या अभ्यासकापाशी आज जी सामग्री असते ती बव्हंशी कागदावर नसते. बोलींची ध्वनिमुद्रणे, शब्दसूची, हस्तलिखितांची छायाचित्रे, प्रबंधांचे मसुदे हे सारे संगणकाच्या हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर साठविलेले असते. ही साधने कोणती घ्यावीत, त्यांच्या प्रती कशा ठेवाव्यात आणि ती बिघडू लागली म्हणजे काय करावे, हे प्रश्न तंत्रज्ञांकडे सोपवून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. ग्रंथ कशामुळे टिकतो आणि कशामुळे भ्रष्ट होतो, हा पाठचिकित्सेचा मूळ प्रश्न होय. आणि त्याचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण विदर्भातच घडलेले आहे.

चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली स्वामींच्या लीळा एकत्र केल्या. ज्यांनी जे पाहिले वा ऐकले त्यांना गाठून ते टिपून घ्यावयाचे आणि आचार्यांकडून पारखून घ्यावयाचे, अशी ही पद्धत होती. इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र या रीतीने सिद्ध झाले. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, खिलजींच्या स्वाऱ्यांच्या काळात, ज्या धामधुमीस पंथाचे लोक ‘खालशाची धाड’ म्हणतात तिच्यात मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ मात्र नष्ट झाला नाही. हिराइसेसारख्या ज्या शिष्यांना तो मुखोद्गत होता त्यांनी तो पुन्हा सांगितला व लिहविला.

येथवरची कथा आपण सर्वजण सांगतो, आणि स्मरणशक्तीचे कौतुक करून थांबतो. पण तिचा उत्तरार्ध अधिक विचार करण्याजोगा आहे. आठवणीतून उभे राहिलेले हे पाठ परस्परांशी तंतोतंत जुळत नव्हते. कोणाच्या पाठात एखादी लीळा अधिक, कोणाच्या पाठात तिचा क्रम निराळा, कोठे शब्द बदललेले. नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी १९३६-३७ च्या सुमारास लीळाचरित्र मुद्रित करावयास घेतले तेव्हा आणि वि. भि. कोलत्यांची आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली तेव्हाही संपादकांपुढे मुख्य काम होते ते या पाठभेदांचेच. एका पोथीची वेळीच अक्षरशः प्रत न झाल्याची ही किंमत होय. ती सहाशे वर्षांनंतरच्या विद्वानांना आयुष्याची वर्षे खर्चून भरावी लागली.

या घटनेतून दोन गोष्टी निघतात. ग्रंथ वाचला तो पोथीच्या कागदामुळे नव्हे, तर तो अनेक ठिकाणी आणि भिन्न स्वरूपांत होता म्हणून वाचला. जी आपत्ती पोथीवर आली ती मुखपाठावर आली नाही. दुसरे असे की, मूळ प्रत हाती असतानाच जी नक्कल ताडून घेतली जात नाही, तिची शुद्धता मागाहून ठरविता येत नाही. संगणकाच्या साठवणीसंबंधी जे काही सांगावयाचे आहे ते या दोन गोष्टींच्या पोटात येते.

आता चकतीकडे वळू. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये ‘रॅमॅक’ या यंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क विक्रीस आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एका दांड्यावर बसविलेल्या, वजन एक टनाच्या वर, आणि साठवण ५० लाख अक्षरांची. १९८० मध्ये सव्वापाच इंची आकाराची, ५ मेगाबाइटची डिस्क घरगुती संगणकात बसू लागली. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये कित्येक टेराबाइट राहतात. एका तुलनेने हे अंतर अधिक स्पष्ट होईल. बोलीच्या ध्वनिमुद्रणासाठी आपण सेकंदाला ४८,००० नमुने, २४ बिट आणि दोन वाहिन्या असे प्रमाण घेतले तर तासाला सुमारे १ गिगाबाइट जागा लागते; रॅमॅकच्या त्या टनभर यंत्रात असे वीस सेकंदांचे बोलणेही मावले नसते.

क्षमता अशी वाढली, पण काम करण्याचे तत्त्व फारसे बदलले नाही. चुंबकीय लेप दिलेली चकती फिरते आणि वाचक-शीर्ष तिला न शिवता, काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहते. धक्का बसून ते शीर्ष चकतीवर टेकले की लेप खरवडला जातो. एसएसडीत फिरते असे काहीच नाही. तेथे विद्युत्भार सूक्ष्म कोठड्यांत अडकवून ठेवलेला असतो. ती पडली तरी सहसा बिघडत नाही, वेगही पुष्कळ अधिक. परंतु तिच्यावर लिहिण्याच्या वेळांना मर्यादा असते आणि वीज न देता दीर्घकाळ ठेवल्यास भार हळूहळू झिरपतो. उष्णतेने ही झिरप वाढते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या छपराखालील कपाटात तो किती असेल हे सांगावयास नको. पुष्कळ लिहून झिजलेली एसएसडी अशा कपाटात दोन-तीन उन्हाळे ठेवणे म्हणजे शाई उडत जाणाऱ्या कागदावर प्रबंध लिहिण्यासारखे आहे. यास्तव रोजच्या कामाला एसएसडी व संग्रहाला हार्ड डिस्क, अशी विभागणी आजही शहाणपणाची वाटते.

हार्ड डिस्क निवडतानाही एक भेद ध्यानात ठेवावा, कारण तो वेष्टणावर क्वचितच सांगितलेला असतो. काही डिस्कांत लेखनाच्या रेषा परस्परांपासून वेगळ्या असतात; काहींत जागा वाचविण्यासाठी त्या कौलांप्रमाणे एकीवर एक चढविलेल्या असतात. कौलारू छपरातील मधले एक कौल बदलावयाचे तर वरची अनेक उचलावी लागतात, त्याचप्रमाणे या दुसऱ्या प्रकारात थोडी दुरुस्ती करावयासही पुष्कळ भाग पुन्हा लिहावा लागतो. एकदा भरून ठेवावयाच्या संग्रहाला ही डिस्क चालते. अनेक डिस्कांच्या जोडणीत, एक बदलून दुसरी बसविताना, ती अतिशय रेंगाळते. जोडणीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्का या प्रकारच्या असल्याचे २०२० मध्ये उघड झाले, तेव्हा ग्राहकांत बराच गदारोळ झाला होता. याखेरीज अत्यल्प किमतीत अवाढव्य क्षमतेचे जे पेन ड्राइव्ह विकले जातात, त्यांतील पुष्कळसे खोटे असतात. संगणकाला ते २ टेराबाइट सांगतात, पण खरी जागा त्याच्या अंशाइतकीच असते. ती भरली की जुन्यावर नवे लिहिले जाते व कोणतीही तक्रार पडद्यावर येत नाही. विकत घेतलेले साधन एकवार काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहणे, हा त्यावर साधा उपाय आहे. हमीच्या मुदतीचाही अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मुदतीत डिस्क बिघडली तर कंपनी नवी डिस्क देते; जुन्या डिस्कवर काय होते याच्याशी तिला कर्तव्य नसते.

प्रतींसंबंधी सर्वत्र आढळणारा गैरसमज असा की, दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणारी जोडणी असली म्हणजे बॅकअप झाला. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात अशा जोडणीचा विचार मांडला तो एक डिस्क मोडली असता काम अडू नये म्हणून. एकाच वाचकाचे ऐकून दोन लेखनिक दोन पोथ्या उतरवीत आहेत अशी कल्पना करा. एकाचा बोरू मोडला तर दुसऱ्याची पोथी राहते; परंतु वाचकाने ओवी गाळली तर ती दोन्ही पोथ्यांतून गळते. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे विषाणूही जोडलेल्या सर्वच डिस्का गाठतात. बॅकअप ही मागाहून, वेगळी केलेली आणि मग यंत्रापासून सोडवून ठेवलेली प्रत होय.

ती कोठे ठेवावी? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत चौथ्या ते सहाव्या मजल्यांवरील असंख्य फाइली जळाल्या. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, तळमजल्यांवर, पाणी शिरले. ज्याच्या तिन्ही प्रती एकाच टेबलाच्या तीन खणांत होत्या, त्याच्या दृष्टीने ती एकच प्रत होती. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. प्रस्तुत लेखकाच्या संग्रहाची एक प्रत शहराच्या पश्चिम भागात, दुसरी दक्षिणेस हुडकेश्वर येथे आणि तिसरी जिल्ह्याबाहेर असते.

हुडकेश्वरचा उल्लेख केवळ पत्त्यापुरता नाही. हे शेतकऱ्यांचे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून शेतांच्या जागी लेआउट पडले आहेत. येथील जुन्या कुटुंबांतील वृद्धांच्या तोंडी ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ सहज येतो. नातवंडांच्या तोंडून तो तितक्याच सहज निसटत चालला आहे. या उच्चारांची मुद्रणे करताना मूळ फाइल न दाबता ठेवावी लागते, कारण जागा वाचविण्यासाठी आवाज दाबणाऱ्या पद्धती कानाला न कळणारा म्हणून जो अंश टाकून देतात, तो ‘ळ’ आणि ‘य’ यांमधील संक्रमण मोजणाऱ्या अभ्यासकास हवा असू शकतो. ज्यांचे बोलणे मुद्रित झाले त्यांपैकी काहीजण आता हयात नाहीत. प्रबंधाचा मसुदा पुन्हा लिहिता येतो, ही सामग्री पुन्हा मिळविता येत नाही.

बिघाडाची लक्षणे ओळखणे फारसे अवघड नाही. डिस्क ठरावीक अंतराने टिकटिक करू लागते, नेहमीची फाइल उघडावयास मिनिट लागते, किंवा डिस्क मध्येच दिसेनाशी होते. प्रथम तार व जोडणी बदलून पाहावी. पुष्कळदा दोष तेथेच असतो. तार बदलूनही टिकटिक राहिली तर डिस्क पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये, दुरुस्तीची आज्ञा देऊ नये, तिच्यावर एक अक्षरही लिहू नये. दुरुस्ती म्हणजे लेखन, आणि जीर्ण पानावर खाडाखोड केल्याने पान फाटते. अगोदर संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. वाचता न येणारे भाग सोडून पुढे जाणारी व मागाहून त्यांच्याकडे परतणारी साधने विनामूल्य मिळतात. मग जे काही प्रयोग करावयाचे ते नकलेवर करावेत. टिकटिक वाढत असेल आणि प्रत दुसरीकडे नसेल तर नकलेचाही मोह टाळून डिस्क स्वच्छ खोलीत उघडणाऱ्या जाणत्यांकडे द्यावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती अधूनमधून पाहावी, तथापि तिच्यावर विसंबू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मेलेल्या डिस्कांपैकी मोठ्या भागाने नोंदीत कोणतीच ठळक पूर्वसूचना दिलेली नव्हती.

प्रत केली, पण ती शुद्ध आहे हे कशावरून? आपल्या लेखनिकांनी याची सोय केव्हाच केली होती. पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या किंवा ओवीसंख्या देण्याचा प्रघात केवळ मजुरी मोजण्यापुरता नव्हता. संख्या जुळली नाही तर काही गळले वा घुसले हे कळत असे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हाही प्रती ताडूनच अपपाठ दूर करावे लागले. संगणकात प्रत्येक फाइलच्या आशयावरून गणिताने एक छोटी संख्या काढता येते. फाइलमधील एक बिट बदलला तरी ती संख्या पार बदलते. संग्रह करतानाच या संख्यांची यादी करून ठेवावी आणि वर्षातून एकदा सर्व प्रतींशी ताडावी. या कामाला एक रात्र पुरते आणि ते यंत्रच करते. ओवीसंख्येपेक्षा ही कसोटी कितीतरी कडक आहे, कारण ओवीत शब्द बदलला तरी ओव्यांची संख्या तीच राहते.

एक अडचण मात्र डिस्क धडधाकट असतानाही उरते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या मठांत शाबूत होत्या, पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींपर्यंत संकेताची किल्ली येईतो बाहेरच्या अभ्यासकांना त्या मुक्याच होत्या. आपल्या विभागांतून १९९० च्या दशकात टंकलिखित झालेल्या मराठी शब्दसूचींची तीच गत आहे. त्या काळचे देवनागरी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवीत. फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो. बिट शाबूत, नियंत्रण-संख्या बरोबर, आणि मजकूर अगम्य. देवनागरीचा युनिकोडमध्ये १९९१ पासून समावेश असला तरी तो सर्रास वापरात यावयास पुढे बरीच वर्षे गेली. म्हणून अशा फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ फाइल, मूळ फॉन्ट आणि जोडाक्षरे तपासण्यासाठी एक छापील पान ही तिन्ही सोबत ठेवणे अगत्याचे आहे. रूपांतर करणाऱ्या साधनांची रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या स्थानाविषयी विशेष गफलत होते. ‘ळ’च्या नोंदी तर एकेक करून हातानेच पाहाव्या लागतात.

प्रस्तुत लेखकाकडे अशा शब्दसूचींच्या काही फ्लॉपी अद्याप रूपांतराविना आहेत. त्यांतील फॉन्टची स्थापना-फ्लॉपी सोबतच्या पाकिटात आहे, आणि ती वाचणारे एक यंत्र हुडकेश्वरच्या रस्त्यावरील दुरुस्तीच्या दुकानात अजून चालू स्थितीत आहे. येत्या उन्हाळ्यापूर्वी हे काम पुरे करावयाचे ठरविले आहे.