अंगमर्दनाची शाळा



दिवसभर औत हाकून आलेल्या माणसाची पाठ संध्याकाळी कुणी रगडून दिली, तर त्याला किती बरे वाटते हे मी तुम्हांला सांगायला नको. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणारी बाई, तालमीत पैलवानाचे अंग रगडणारा जोडीदार, मुरगळलेला पाय चोळून देणारा गावातला म्हातारा, ही माणसे आपल्या ओळखीची आहेत. पण त्यांना विचारा, "ही विद्या तुम्ही कुठं शिकलात?" उत्तर येते, "बघून बघून आली." गुरुजी नाहीत, इयत्ता नाही, परीक्षा नाही.

ह्या कामाची रीतसर शाळा एका देशात फार पूर्वी निघाली. तो देश जपान. शाळा निघाली ती सुमारे ३४० वर्षांपूर्वी, आणि ती काढणारा गृहस्थ दोन्ही डोळ्यांनी अंध होता. त्याची आणि त्याच्या शाळेची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. तुमच्यात जे शिक्षक असतील त्यांनी ती जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण ह्या गृहस्थाला त्याच्या पहिल्या गुरूने 'ढ' म्हणून घरी पाठवले होते.

जपानात अंग चोळण्याच्या, दाबण्याच्या विद्येला 'अन्मा' म्हणतात. ती तिकडे चीनमधून गेली. आठव्या शतकाच्या आरंभी जपानच्या दरबाराने जे कायदे केले, त्यांत राजवैद्यांच्या खात्यात अन्माचा एक अध्यापक, दोन उपचारक आणि दहा विद्यार्थी असावेत अशी तरतूद होती. म्हणजे दरबारापुरती शिकवण होतीच. पण ती दरबारातच राहिली आणि पुढे मागे पडली. गोरगरिबांच्या घरी विद्या चालू राहिली ती आपल्यासारखीच, बघून बघून.

आता अंधांकडे वळू. मध्ययुगात जपानातले अंध पुरुष बिवा नावाचे तंतुवाद्य वाजवून जुन्या लढायांच्या कथा गात हिंडत. त्यांनी आपला एक संघ बांधला. त्याचे नाव तोदोझा. आपल्याकडच्या जातपंचायतीसारखा त्याचा कारभार. आत पदव्यांची लांबलचक शिडी होती, म्हणे ७३ पायऱ्यांची! सर्वांत वरच्या मानाच्या पदवीला 'केंग्यो' म्हणत. आणि मौज अशी, की ह्या पायऱ्या गुणांनी जशा चढता येत तशा पैशानेही चढता येत. तळापासून केंग्योपर्यंत जायला ७१९ र्‍यो, म्हणजे तितकी सोन्याची नाणी, लागत असे सांगतात. गरीब अंधाने एवढे सोने आणायचे कुठून? तो आपला खालच्या पायरीवर जन्म काढी. अंध बायकांना तर ह्या संघात जागाच नव्हती. त्यांचे गाणारणींचे वेगळे जथे असत.

सतराव्या शतकात तोकुगावा घराण्याच्या अमलाखाली देशात शांतता नांदू लागली. शहरे वाढली. आज ज्याला आपण तोक्यो म्हणतो ते तेव्हाचे एदो. गाण्यावर सगळ्याच अंधांचे पोट भरेना, तेव्हा बरेचजण अन्मा करू लागले. पण हे काम शिकवायचे कुणी, आणि कसे?

इथे आपला नायक येतो. सुगियामा वाइची हे त्याचे नाव. जन्म १६१०, इसे प्रांतातल्या त्सु गावी, एका सामुराईच्या, म्हणजे शिलेदाराच्या घरी. लहानपणी आजारात डोळे गेले. शिलेदाराच्या मुलाला तलवार धरता येणार नाही म्हटल्यावर त्या घरात त्याचे काय काम? पोरगा एदोला गेला आणि यामासे ताकुइची ह्या अंध वैद्याकडे शिकायला राहिला. ह्या वैद्याची विद्या सुया टोचून दुखणे बरे करण्याची. पोराला ते काही जमेना. सांगितलेले ध्यानात राहीना, हाताला गती येईना. काही वर्षांनी गुरूने त्याला काढून टाकले.

पुढचा भाग आख्यायिकेचा आहे, तो आख्यायिका म्हणूनच ऐका. घरी परतताना तो एनोशिमा नावाच्या बेटावर गेला. तिथे बेन्झाइतेन देवीची गुहा आहे. ही बेन्झाइतेन म्हणजे दुसरी कुणी नसून आपली सरस्वती बरं का! बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमार्गे जपानात पोचली. तिच्या हाती वीणेऐवजी बिवा आहे इतकेच. वाइचीने गुहेत उपास करून देवीला साकडे घातले. उपास संपवून बाहेर पडताना तो एका धोंड्याला अडखळून पडला. पडताना पायाला काही टोचले. चाचपून बघतो, तर गुंडाळी झालेल्या पानाच्या नळीत देवदाराच्या जातीच्या झाडाची सुईसारखी पाती! सुई नळीत धरली तर आंधळ्यालाही ती नेमकी टोचता येईल, हे त्याला त्या क्षणी सुचले.

गुहेत काय घडले ते सोडून देऊ. पण नळीची पद्धत मात्र खरीच आहे, आणि तिचा प्रसार त्याने केला हेही खरे. नळी सुईहून किंचित आखूड असते. डाव्या हाताच्या बोटांनी जागा शोधायची, तिथे नळी टेकवायची, वर डोकावणाऱ्या सुईच्या टोकावर बोटाने हलकी टिचकी मारायची. सुई अगदी थोडी आत शिरते, दुखत नाही म्हटले तरी चालेल. मग नळी काढून घ्यायची. ह्या रीतीने बारीक सुई वापरता येते, आणि सगळा भरवसा डोळ्यांवर नाही, बोटांवर. आज डोळस लोकही तीच नळी वापरतात.

वाइचीने पुढे क्योतोला जाऊन पुन्हा शिक्षण घेतले, ह्या वेळी नेटाने. एदोला परतून नाव कमावले आणि केंग्योही झाला. पाचवा शोगुन, म्हणजे देशाचा खरा सत्ताधीश, त्सुनायोशी ह्याच्या दुखण्यावर उपचार करण्यासाठी त्याला वाड्यात बोलावणे आले. शोगुनाची मर्जी बसली. त्याने विचारले, "काय हवे ते माग." म्हातारा म्हणाला, "एक डोळा मिळाला तर बरे." शोगुनाने हसून त्याला १६९३ साली एदोतल्या होंजो भागातली 'हितोत्सुमे' नावाची जागा बक्षीस दिली. हितोत्सुमे म्हणजे 'पहिली पेठ' असेही होते आणि 'एक डोळा' असेही! संवाद खरा की रचलेला कोण जाणे. जागा मात्र खरी, आणि तिथे आजही त्याच्या नावाचे देऊळ आहे.

पण त्याचे खरे काम ह्या बक्षिसाच्या आधीच सुरू झाले होते. १६८२ च्या सुमारास त्याने अंध मुलांसाठी अन्मा आणि सुईविद्येची शाळा उघडली. पॅरिसला व्हॅलेंतँ आउईने अंधांची शाळा काढली ती त्यानंतर शंभर वर्षांनी. ब्रेल लिपीचा जनक तर अजून जन्मायचा होता. म्हणजे ह्या शाळेत पाटी नाही, पुस्तक नाही. मग शिकवायचे कसे?

शिक्षकहो, इथे थोडे थांबू. ज्याला गुरूने 'तुला येत नाही' म्हणून काढले, त्या माणसाने शिकवण्याचा क्रम बांधला. आधी अन्मा. मुलाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, पाठीवर, पोटावर फिरून फिरून तयार व्हायचा. कुठे मांस घट्ट आहे, कुठे सैल, कुठे हाड, कुठे नाडी, कुठे दाबले तर रोगी अंग चोरतो, हे बोटांना कळायला लागायचे. ते कळल्यावर सुई. ग्रंथ होते, वाइचीने स्वतः रचलेलेही होते, पण ते पाठांतराने चालायचे. एकाने म्हणायचे, इतरांनी घोकायचे. सुई हातात धरण्याच्या आणि फिरवण्याच्या निरनिराळ्या चालींना नावे दिलेली, म्हणजे ध्यानात राहाव्यात. जे त्याला स्वतःला जड गेले होते, तेच त्याने सोपे करून ठेवले. हुशार गुरूला हे सुचले नसते असे मला वाटते.

१६९४ साली वाइची वारला. त्याचा शिष्य मिशिमा यासुइची ह्याने एदोत आणि इतर प्रांतांत मिळून ४५ ठिकाणी अशा शाळा उघडल्या असे सांगतात. हळूहळू अन्मा म्हणजे अंधांचा धंदा अशीच समजूत झाली. रात्रीच्या वेळी काठी टेकत, बांबूची लहान शिट्टी वाजवत अन्मावाला गल्लीतून जाई. थकलेले लोक शिट्टी ऐकून त्याला घरात बोलावीत. पोट चोळण्याच्या रीतीवर ओता शिन्साइ नावाच्या वैद्याने १८२७ साली चित्रांसह पुस्तक छापले. म्हणजे विद्या पुस्तकात शिरण्याइतकी मोठी झाली.

सगळे गोडच होते असे समजू नका. संघाच्या वरच्या पायरीवरचे काही केंग्यो जबर व्याजाने पैसे लावीत आणि वसुलीसाठी लोकांच्या दारात ठाण मांडीत. त्यांच्याबद्दल लोकांत राग होता. शिवाय अंध म्हटला की त्याने अंगच रगडले पाहिजे, ही सक्तीच झाली. हानावा होकिइची नावाचा एक अंध मुलगा पंधराव्या वर्षी एदोला आला. अन्मा जमेना, सुई जमेना, वाद्यही जमेना. जीव द्यायला निघाला. त्याच्या गुरूने त्याला जवळ घेऊन सांगितले, "तीन वर्षे तुला जे आवडते ते शिक. खर्च मी करतो. नाहीच जमले तर गावी पाठवीन." मुलाला आवडत होती विद्वत्ता. लोक वाचून दाखवत, तो ऐकून मुखोद्गत करी. त्याने पुढे जुने ग्रंथ मिळवून 'गुन्शो रुइजू' नावाचा ६६६ भागांचा संग्रह सिद्ध केला. त्याचे कोरलेले लाकडी ठसे, सतरा हजारांवर, तोक्योत जपून ठेवले आहेत. हेलन केलर १९३७ साली जपानला गेल्या तेव्हा त्या आवर्जून तिथे गेल्या होत्या. ह्या गुरूचे नाव अमेतोमी. त्याचे मोठेपण मला वाइचीइतकेच वाटते.

१८६८ नंतर जपानने कात टाकली. पश्चिमेची शाळा, पश्चिमेचे वैद्यक, पश्चिमेचे सैन्य आले. १८७१ साली सरकारने तोदोझा एका फटक्यात मोडून टाकला. पदव्या गेल्या, त्यांबरोबर संरक्षणही गेले. आता अन्मा कुणीही करावा! डोळस माणसे धंद्यात उतरली. १८७८ साली क्योतोला आणि १८८० साली तोक्योला अंधांसाठी नव्या धर्तीच्या शाळा निघाल्या, त्यांत अन्माबरोबर शरीररचना शिकवू लागले. १८९० साली जपानी अक्षरांसाठी ब्रेल लिपी बसवली गेली, आणि घोकंपट्टीच्या जागी बोटांनी वाचायचे पुस्तक आले. १९११ साली सरकारने परीक्षा आणि परवाना सक्तीचा केला. अंधांसाठी अन्माची एक सोपी परीक्षाही ठेवली. ह्यात दया होती की न्याय, ह्यावर तिथे आजही वाद होतो.

खरा आणीबाणीचा प्रसंग आला १९४७ साली. जपान युद्ध हरला होता, देशावर अमेरिकी सेनाधिकाऱ्यांचा अंमल होता. त्यांच्या आरोग्य खात्याला सुई आणि औषधी पानांचे चटके देण्याची रीत अडाणी, अस्वच्छ वाटली, आणि ती बंद करण्याकडे त्यांचा कल झाला. अंधांच्या शाळा हादरल्या. विद्या गेली तर हजारो घरांची चूल विझणार. अंध शिक्षक, विद्यार्थी, उपचारक आणि त्यांच्या बाजूचे डॉक्टर उभे राहिले. अर्ज गेले, सभा झाल्या. शेवटी बंदी टळली, आणि डिसेंबर १९४७ मध्ये ह्या विद्यांचा स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे जी गोष्ट पुसून टाकायची होती, तिलाच कायद्याने नाव मिळाले! नामिकोशी तोकुजिरो ह्यांनी ज्या अंगठ्याने दाबण्याच्या रीतीचा प्रसार केला, ती 'शिआत्सु'ही १९५५ च्या दुरुस्तीने ह्याच कायद्यात आली.

आज हे काम शिकायचे तर हायस्कूलनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शरीररचना, शरीराचे चलनवलन, रोगांची ओळख, स्वच्छता, जुने पौर्वात्य वैद्यक आणि प्रत्यक्ष रोग्यांवर हात. शेवटी राष्ट्रीय परीक्षा. अन्मा, सुई आणि चटके ह्यांचे परवाने वेगवेगळे. अंधशाळांतून हे शिकवणारे बरेच शिक्षक स्वतः अंध असतात.

तरी एक गाठ सुटलेली नाही. परवानेवाल्यांत आता डोळसांची संख्या जास्त आहे. अंधांना ह्या धंद्यातून बाहेर ढकलले जाऊ नये म्हणून १९६४ साली कायद्यात कलम घातले, की डोळसांसाठी अन्माच्या नव्या शाळांना सरकार परवानगी नाकारू शकते. एका शिक्षणसंस्थेने त्याविरुद्ध दावा लावला. म्हणणे असे, की आता अंधांना इतर नोकऱ्याही मिळतात, मग आम्हांला धंदा निवडण्याचे स्वातंत्र्य का नाही? फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले. मला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कुंपण पिकाचे राखण करते हे खरे. पण होकिइचीसारखा एखादा त्या कुंपणात अडकला तर त्याला बाहेर काढणारा अमेतोमी दर वेळी भेटेलच असे नाही.

एनोशिमाला तो अडखळलेला धोंडा अजून दाखवतात. बेटावर वाइचीचे थडगेही आहे. पण मला जास्त नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. बेटाकडे जाणाऱ्या रस्त्याला, यात्रेकरू चुकू नयेत म्हणून, ह्या अंध माणसाने म्हणे ४८ दगडी वाटदर्शक खांब उभे केले. त्यांतले डझनभर तरी त्या भागात अजून उभे आहेत. त्यांवर कोरलेले आहे, 'एनोशिमाची वाट'.